चिनूच्या नवव्या महिन्याच्या लशीबद्दल

सोलापूर, १२ एप्रिल

चि. सौ. मंजिरीस,

अनेक आशीर्वाद. चिनूला आजोबांचा पापा.

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल, आप्पांना राग आला. राग नव्हता गं. तुझा प्रश्न दोन मिनिटांत उडवून लावण्यासारखा नव्हता, म्हणून बोललो नाही. "आप्पा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आपण खाली बघून चालतो, मध खात नाही, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. आणि चिनूच्या अंगात पोटातलं बाळ मारून केलेली लस घालायची?" असं तू म्हणालीस. हे जैन संस्कार मीच केले, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

आठ-दहा दिवस याच विचारात आहे. ऊन इतकं आहे की अकरा वाजल्यानंतर बाहेर पडवत नाही, म्हणून सकाळी सकाळीच आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बसलो. त्यांनी मला गोवर-रुबेलाच्या लशीच्या खोक्यातला घडीचा कागद दिला. घरी येऊन भिंग लावून तो तीनदा वाचला. तू जे वाचलंस त्यात खरंही आहे आणि खोटंही आहे. खरं आधी सांगतो. ते झाकून तुझी समजूत घालणं मला जमणार नाही.

त्या कागदावर स्पष्ट लिहिलंय की दोन्ही विषाणू ह्यूमन डिप्लॉइड सेल्सवर, म्हणजे माणसाच्या पेशींवर वाढवले आहेत. या कामासाठी जगभर वापरतात त्या पेशी दोन. एक १९६२ ची. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक नावाच्या शास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या एका गर्भाच्या फुप्फुसातून ती वाढवली, तिला डब्ल्यूआय-३८ म्हणतात. त्या गर्भाच्या आईला यातलं कुणी काही विचारलंही नव्हतं. दुसरी १९६६ ची, लंडनची, एमआरसी-५. तो गर्भ चौदा आठवड्यांचा होता. मुलगा होता. त्याची आई सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्या मानसिक प्रकृतीच्या कारणावरून गर्भपात झाला होता. सत्तावीस वाचल्यावर मी वाचायचा थांबलो. सत्तावीसाव्या वर्षी तुझं लग्न ठरत होतं.

आता खोटं. दर वर्षी, दर लशीसाठी नवीन गर्भ लागतात, हे खोटं. साठ वर्षांपूर्वीच्या त्या दोन गर्भांच्याच पेशी वाढवत, गोठवत, पुन्हा वाढवत आजपर्यंत आल्या आहेत. लशीसाठी म्हणून गर्भ पाडला, हेही खोटं. गर्भपात वेगळ्या कारणाने झाला, पेशी नंतर घेतल्या. लशीत बाळाचे तुकडे असतात, हेही खोटं. विषाणू वाढला की तो वेगळा काढून शुद्ध करतात. पेशींचे डोळ्यांना न दिसणारे अंश मात्र राहू शकतात, तेही तुला माहीत असू दे.

मी डॉक्टरांना विचारलं, जिवंत पेशी हवीच कशाला? ते म्हणाले, विषाणू नुसत्या पाण्यात किंवा साखरेत वाढत नाही, त्याला जीवच लागतो. मग मी मागे मागे जात राहिलो आणि दिसलं की जीव प्रत्येक वेळी लागलाच आहे. माझ्या दंडावरचा देवीचा व्रण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. त्या लशीसाठी वासरांच्या अंगावर फोड आणत. आपल्या मुंबई इलाख्यासाठी बेळगावला त्याची संस्था होती. प्लेगच्या साथीत हाफकिनसाहेबांनी १८९७ साली मुंबईत लस केली, आधी स्वतःला टोचून घेतली. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागे. गाईचा हिंदूंना चालणार नाही, डुकराचा मुसलमानांना, म्हणून त्यांनी बोकडाच्या मांसाचा घेतला आणि वर तुपाचे थेंब सोडले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपल्या लोकांच्या मनाची इतकी काळजी केली, हे वाचून बरं वाटलं. पण आपल्या घरासाठी बोकडही जीवच.

पोलिओचं वाचलं तेव्हा मात्र झोप लागली नाही. १९५० नंतरच्या काळात पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडांवर वाढवत. ती माकडं आपल्या देशातली. पिंजऱ्यांत भरून विमानाने परदेशी जात, काही वर्षांत तर वर्षाला लाखाहून जास्त. दर नव्या खेपेला नवी माकडं मारावी लागत. १९७८ साली आपल्या सरकारने ती निर्यात बंद केली. त्याच मूत्रपिंडांत १९६० साली माकडाचा एक विषाणू लपलेला सापडला, आणि त्या भीतीमुळेही हेफ्लिक यांचं म्हणणं होतं की पुन्हा पुन्हा प्राणी मारण्यापेक्षा माणसाची एक स्वच्छ पेशी कायमची वापरावी. म्हणजे ज्या पेशीचं नाव ऐकून तू हादरलीस, तशा पेशी आल्या म्हणूनही माकडांची ती कत्तल कमी होत गेली. हे मी त्या मुलाच्या मरणाचं समर्थन म्हणून सांगत नाही. एका जिवाचा लाखभर जिवांशी हिशेब मांडायचा मला अधिकार नाही. पण हेही तुझ्यासमोर असायला हवं.

गर्भाच्या पेशी नसलेली रुबेलाची लस जपानमध्ये होती, हेही शोधलं. ती सशाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर करत. तिथे थांबलो. ख्रिस्ती माणसाला तो मार्ग मोकळा वाटेल. आपल्याला कसा वाटावा?

आणखी एक, म्हणजे तुला पुढे कुठे वाचून धक्का बसायला नको. लस टिकावी म्हणून तिच्यात जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांतून येतं. हिपॅटायटिस-बीची लस यीस्टमध्ये करतात, ती या बाबतीत निर्मळ. चिनूला जन्मल्या जन्मल्या आपल्याकडे दिली होती ती.

आता तुझ्या मोठ्या आत्याबद्दल. भिंतीवरच्या फोटोत तिच्या मांडीवर जो मुलगा आहे तो बाळू, एवढंच तुला माहीत आहे. घरात कुणी जास्त बोलत नाही.

१९७८ ची गोष्ट. ताईला दुसरा महिना होता. माहेरी आली होती. दोन दिवस कणकण, अंगावर बारीक पुरळ, कानामागे गाठी. आईने कडुनिंबाचा पाला घातला, तिसऱ्या दिवशी पुरळ गेलं, ताई भाकऱ्या थापायला बसली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाळू झाला तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांत पांढरट सायीसारखं होतं. जन्मतः मोतीबिंदू. पुढे कळलं, ऐकूही येत नाही. हृदयाला भोक होतं. डॉक्टरांनी ताईला विचारलं, "दिवस गेल्यावर पुरळ उठलं होतं का?" आणि तिचा चेहरा मी पाहिलाय. त्या पुरळाचं नाव रुबेला. आईला दोन दिवसांचा ताप, आणि पोटातल्या बाळाचे डोळे, कान, काळीज.

बाळू ताईला वासाने ओळखायचा. ती जवळ आली की तिचा पदर धरून नाकाला लावायचा. मी त्याला खांद्यावर घेऊन गड्ड्याच्या यात्रेत नेलं होतं. नंदीध्वज जाताना जमिनीचा धक्का त्याला जाणवत असावा. माझ्या डोक्यावर हाताने ताल धरायचा. सातव्या वर्षी गेला. त्यानंतर ताईने दुसरं मूल होऊ दिलं नाही.

अमेरिकेत १९६४-६५ मध्ये या आजाराची मोठी साथ आली तेव्हा वीस हजार बाळं बाळूसारखी जन्मली. कितीतरी पोटातच गेली, कितीतरी आयांनी भीतीपोटी गर्भ पाडून घेतले. लशीतला रुबेलाचा विषाणू शास्त्रज्ञ स्टॅनली प्लॉटकिन यांनी मिळवला तो त्याच काळात, रुबेला झालेल्या एका आईच्या पाडलेल्या गर्भातून. म्हणजे बघ, या लशीच्या मुळाशी गर्भाचं मरण आहे, आणि ती टोचली जाते तीही पोटातली बाळं मरू नयेत, आंधळी-बहिरी होऊ नयेत म्हणूनच. मी यातून वाट काढायला बघतो आणि दर वेळी तिथेच परत येतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही लस २०१७ ला आली, महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून मोहीम झाली. ताईला बातमी सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं उशीर झाला रे."

ताईच्या पोटातल्या बाळाला तो आजार कुणाकडून आला असेल? चाळीतल्या एखाद्या लहान पोराकडूनच ना. चिनू मुलगा आहे, त्याला रुबेला झाला तर एक-दोन दिवसांत खेळायला लागेल. पण तुमच्या सोसायटीत, पाळणाघरात, लिफ्टमध्ये कुणाला दुसरा महिना असेल, तुला कसं कळणार? गोवराचं तर विचारूच नकोस, तो थेट चिनूच्याच छातीवर बसेल.

आता तुझा खरा प्रश्न. आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना म्हणतात: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून दिलेला होकार. गर्भपात तू केला नाहीस, करवला नाहीस. राहिली अनुमोदना. लस घेणं म्हणजे त्याला होकार देणं का, एवढ्यावरच सगळं अडलंय. कॅथलिक लोकांत यावर फार बारकाईने विचार झालाय. व्हॅटिकनने २००५ साली आणि पुन्हा २०२० च्या डिसेंबरात सांगितलं की दुसरी लस मिळत नसेल तर अशा पेशींवरची लस घेणं नीतीला धरून आहे, पण याचा अर्थ गर्भपाताला संमती असा होत नाही, आणि अशा पेशींशिवाय लस करा हा आग्रह सोडू नये. वेगळ्या वाटेने चाललेली माणसं अनुमोदनेच्याच उंबऱ्यावर येऊन उभी आहेत, हे पाहून मला एकटं वाटेनासं झालं.

माझ्यापुरतं उत्तर मात्र मला तुझ्या आजोबांकडून मिळालं. ते इथल्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते, तुला माहीत आहे. सुताला खळ देताना त्या काळी खळीत चरबी घालत, धागा मऊ राहावा, मागावर तुटू नये म्हणून. जनावराची चरबी, आणि उकळत्या कढईपाशी उभा माणूस जैन. दुसरं काम मिळेना, घरात सात तोंडं. त्यांनी ते काम अकरा वर्षं केलं. घरी आले की आधी चौकात आंघोळ, मग आत. आणि अष्टमी-चतुर्दशीला निर्जळी उपवास, उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा विचारलं, "अण्णा, चरबी तुम्ही थोडीच घालता, घालणारा वेगळा आहे." ते म्हणाले, "मी बघतो ना." त्यांनी कधी म्हटलं नाही की आपला काही संबंध नाही. काम सोडून पोरांना उपाशीही ठेवलं नाही. पुढे जमलं तेव्हा सुताच्या दलालीत आले, त्यावर आपण सगळे वाढलो. तुझ्या माझ्या अंगातलं रक्त त्या खळीतूनच आलंय, मंजू.

गृहस्थाला सगळी हिंसा सुटत नाही, म्हणून तर शास्त्रात चार प्रकार वेगळे केलेत. ठरवून, मारायच्या इच्छेने केलेली संकल्पी हिंसा त्याने पूर्ण सोडायची. चूल, धंदा, आपल्यावर आलेल्या संकटाला तोंड देणं, यांत होणारी हिंसा होईल तितकी कमी करायची. चिनूला लस देताना तुझा संकल्प कुणाला मारायचा नाही. मी हे स्वतःला फसवायला म्हणत नाही, फार तपासून म्हणतोय.

म्हणून माझं म्हणणं असं की चिनूला लस दे. नवव्या महिन्यात पहिली, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. चुकवू नकोस, पुढे ढकलू नकोस. पण मनातली टोचणी कुणाच्या सांगण्यावरून बुजवू नकोस. तुझी मैत्रीण म्हणते "इतका विचार कशाला करायचा", तिचंही ऐकू नकोस. चिनू मोठा झाला, विचारू लागला, की त्याला त्या मुलाबद्दल सांग. नाव नसलेला, चौदा आठवड्यांचा. आणि तुम्ही दोघं कंपन्यांना, सरकारला पत्र लिहा. मीही लिहायला घेतलंय, इंग्रजी जावईबापूंनी तपासून द्यावं. विचारल्याशिवाय कोण कशाला दुसरी वाट शोधेल?

टोचायला नेताना सकाळची वेळ घे. औषध कालवल्यावर चार तासांत वापरावं लागतं, उरलं तर टाकून देतात, आणि सिस्टर बाटलीवर वेळ लिहितात. ती बघ, विचारायला लाजू नकोस. त्यानंतर आठवड्याभराने एखाद दिवस ताप, थोडं पुरळ येऊ शकतं, घाबरू नकोस. त्याचं कार्ड विसरू नकोस.

आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवलीय, रविवारी इंद्रायणीने घेऊन येतो. ताईला सगळं वाचून दाखवलं. तिने बाळूचं चांदीचं वाळं काढून दिलंय चिनूसाठी, तेही आणतो.

तारीख ठरली की कळव. त्या दिवशी माझा उपवास आहे. तू करू नकोस, तू अंगावर पाजतेस.

तुझे,
आप्पा