टाक्यांबरोबर आईच्या मनाचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले. कळा सुरू होऊन बरेच तास उलटल्यावर बाळाचे ठोके मंदावू लागले आणि तिला घाईघाईने शस्त्रक्रियेसाठी नेण्यात आले. सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी टाके पाहून जखम छान भरल्याचे सांगितले, बाळाच्या वाढलेल्या वजनाचे कौतुक केले आणि आम्ही बाहेर आलो. तिला झोप लागते का, एवढेही तिथे कोणी विचारले नाही. खरे तर तोवर मीही विचारले नव्हते. बाळ गाढ झोपलेले असतानाही ती रात्र रात्र छताकडे पाहत जागी असे, हे मला फार उशिरा कळले.

बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे, चिडचिड होणे बहुतेक आयांच्या वाट्याला येते आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. ज्यांचे ओसरत नाही, ज्यांना बाळाला जवळ घेतानाही काहीच वाटेनासे होते आणि आपण आई व्हायला नालायक आहोत हा विचार पाठ सोडत नाही, त्यांना नैराश्याने ग्रासलेले असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्य प्रमुख असते.

सिझेरियनमुळेच नैराश्य येते असे मी म्हणणार नाही. पूर्वीचे नैराश्य किंवा घरातून आधार नसणे ही मोठी कारणे आहेतच. पण अचानक करावी लागलेली शस्त्रक्रिया त्यात भर घालू शकते. पोटावरचे टाके ओढत असताना कुशीवर वळणेही जिवावर येते, रडणारे बाळ उचलायलाही दुसऱ्याची वाट पाहावी लागते, आणि वर ‘तुझं काय, सिझर झालं, कळा कुठे सोसल्यास’ असे ऐकावे लागते. पहिलटकरणीला आधीचा अनुभव नसल्याने हे असेच असते, अशी ती स्वतःची समजूत घालते.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल वेळीच लागावी यासाठी १९८७ पासून एडिंबरा प्रश्नावली उपलब्ध आहे. मागच्या सात दिवसांत कसे वाटले याचे दहा प्रश्न, भरायला पाच-दहा मिनिटे. त्यावरून निदान होत नाही, पण कोणाकडे अधिक लक्ष द्यायचे ते कळते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी मदत मिळायला हवी. टाक्यांच्या तपासणीला आणि बाळाच्या लसीकरणाच्या भेटींतही ही प्रश्नावली आईच्या हाती द्यावी, आणि ती भरताना आम्हा नातेवाइकांना बाहेर बसवावे, अशी माझी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. माझ्यासमोर माझी बहीण ‘मी बरी आहे’ असेच म्हणाली असती.

औषध घेतले तर अंगावरचे दूध तोडावे लागेल, या भीतीने अनेकजणी गप्प राहतात. समुपदेशनाने पुष्कळजणींना बरे वाटते, आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत.

माझ्या बहिणीवर उपचार सुरू झाले तेव्हा बाळ चार महिन्यांचे होते. सहाव्या आठवड्यात त्या खोलीत ते दहा प्रश्न विचारले गेले असते, तर मधले अडीच महिने तिला एकटीने काढावे लागले नसते.

आपली,
एक वाचक