बाबांचे पैसे परत करताना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पुस्तक छापायला पाठवलेले पैसे मी काल तुमच्या खात्यात परत भरले. रागावू नका. फोनवर तुमचा आवाज ऐकला असता तर नाही म्हणवलं नसतं, म्हणून पत्र.

तुमचं चुकलं असं नाही हं. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकानेही १९१३ साली आपल्या कादंबरीचा पहिला खंड पदरमोड करूनच छापला. तो खंड आधी नाकारणाऱ्या प्रकाशनातल्या आंद्रे जीद या लेखकाने पुढच्याच जानेवारीत पत्र लिहून चूक कबूल केली. पण प्रूस्तला आपल्या पानांची खात्री होती, मला अजून नाही. सहा ठिकाणांहून एका ओळीचं 'साभार परत' आलं. सातव्या संपादकांनी मात्र दीड पान लिहिलं : आजी गेल्यावर कादंबरी थांबते, पुढची साठ पानं लेखिका तिला नुसती धरून बसली आहे. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग ती पानं मोठ्यानं वाचली. त्यांचं खरं आहे. ती मी का सोडू शकले नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता नव्यानं लिहायला घेतली आहेत. तुमच्या ठेवीतून ती तशीच छापली असती तर जन्मभर डाचलं असतं.

आई, काळजी करू नकोस. नोकरी चालू आहे, जेवण वेळेवर आहे. पहाटे साडेपाच ते साडेसात लिहिते, तुझी शाल पायांवर असते. नकार आला की त्या दिवशी टेबलाशी बसत नाही, लांब चालून येते.

परवा ते जुनं पाकीट सापडलं. पहिल्या कवितेबरोबर जोडलेलं, तिकीट लावलेलं, आपलाच पत्ता घातलेलं. परत आलं तेव्हा बाबांचं अक्षर बघून मला वाटलं, बाबांनीच पत्र पाठवलंय! दहा वर्षांची घोडी, तरी आईने मांडीवर घेतलं. आणि बाबा, तुम्ही काही न बोलता दुसऱ्या पाकिटावर पत्ता घालायला बसलात.

आता ऐका. पैसे उद्याच्या उद्या परत ठेवीत टाका. गुडघ्याचं ऑपरेशन माझ्यापायी पुढे ढकललंत, आईच्या तोंडून निसटलं ते. या आठवड्यात तारीख घ्यायची. आई, 'पुस्तक कधी?' विचारणाऱ्यांना 'लिहिते आहे' एवढंच सांग, रडू नकोस.

नवी पानं आधी तुम्हालाच पाठवेन. बाबा, पेन्सिल घेऊन वाचा. कंटाळा येईल तिथे खूण करा, माझी म्हणून सोडू नका.

तुमची,
मनू