फलाट रिकामा व्हायला किती मिनिटे लागतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उपनगरी स्थानकांच्या कायापालटाची कामे सध्या जोरात आहेत. अमृत भारत योजनेतल्या परळ, चिंचपोकळी, माटुंगा, वडाळा रोड आणि शहाड या स्थानकांचे लोकार्पण २२ मे २०२५ रोजी झाले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोली स्थानक व्हायचे आहे. ठाणे आणि मुलुंडच्या मधे, मनोरुग्णालयाच्या जागेवरच्या नव्या स्थानकाची चर्चा तर वर्षानुवर्षे चालली आहे. या सगळ्याच्या बातम्यांत दर्शनी भाग, भित्तिचित्रे, दिवे आणि खर्चाचे कोटी वाचायला मिळतात. एक गाडी उतरून गेल्यावर पुढची येईपर्यंत फलाट मोकळा होतो की नाही, हे मात्र कुठेच सापडत नाही. स्थानक चांगले की वाईट ते ठरवणारा आकडा हाच आहे आणि तो काढणे कठीणही नाही.

गर्दीच्या वेळी जिन्याच्या एक मीटर रुंदीवरून मिनिटाला ढोबळमानाने ४० माणसे जातात. म्हणजे तीन मीटरचा जिना मिनिटाला १२० माणसे वर नेतो. संध्याकाळच्या बारा डब्यांच्या लोकलमधून ८०० प्रवासी उतरले आणि फलाटावर असा एकच जिना असला, तर शेवटचा माणूस वर पोहोचायला जवळजवळ सात मिनिटे लागतात. मागची लोकल चार मिनिटांत येते. ती येते तेव्हा आधीचे ३२० प्रवासी अजून फलाटावरच असतात, आणि तिसरी येते तेव्हा ६४०. हा हिशेब जिन्यावरून कोणीच खाली येत नाही असे धरून केलेला आहे. खाली येणाऱ्यांची एक रांग धरली की चढणाऱ्यांना दोनच मीटर उरतात आणि सातची दहा मिनिटे होतात. गाड्या वेळेवर धावत असताना हे असे. एखादी गाडी उशिरा आली आणि दोन गाड्यांची गर्दी एकदम उतरली, तर फलाटाच्या कडेला उभे राहायलाही जागा राहत नाही.

मग जिनाच रुंद करा, असे सुचते. पण दोन्ही बाजूंनी गाड्या लागणारा मधला फलाट आठ-नऊ मीटरचा असतो. त्यावर चार मीटरचा जिना उतरवला की दोन्ही बाजूंना दोन-अडीच मीटरच्या पट्ट्या राहतात, आणि नेमक्या त्या पट्ट्यांत चढणारे, उतरणारे आणि जिन्याकडे वळणारे एकत्र येतात. म्हणून रुंदीपेक्षा जिन्यांची संख्या वाढवायला हवी आणि ते फलाटाच्या लांबीवर विखुरलेले हवेत. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब असते. दोन्ही टोकांपासून साठ-पासष्ट मीटर आत एकेक जिना असेल, तर कोणालाही त्याहून जास्त चालावे लागत नाही. तेच दोन्ही जिने मुंबईच्या टोकाला असतील, तर मागच्या डब्यातल्या माणसाला गर्दी कापत दोनशे मीटर जावे लागते.

याचा परिणाम त्या एका स्थानकापुरता राहत नाही. रोजचा प्रवासी आपल्या स्थानकावर पूल जिथे उतरतो त्यासमोरचा डबा पकडतो. ओळीने चार-पाच स्थानकांचे पूल एकाच टोकाला असले की तेच दोन-तीन डबे ठेचून भरतात आणि दुसऱ्या टोकाच्या डब्यांत त्या मानाने जागा असते. म्हणजे गाडीच्या दारात कोण लटकणार, हे काही अंशी पुलाचा नकाशा ठरवतो. एका स्थानकाचा पूल आखताना आधीच्या आणि पुढच्या स्थानकांचे पूल कुठे आहेत ते बघितलेच पाहिजे. पंधरा डब्यांसाठी फलाट वाढवतानाही हेच विसरले जाते. एका टोकाला साठ-पासष्ट मीटर फलाट वाढतो, पण जिने होते तिथेच राहतात आणि नवे तीन डबे पुलापासून सगळ्यात लांब पडतात.

सरकत्या जिन्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. चांगला चालणारा सरकता जिना मिनिटाला शंभराच्या आसपास माणसे नेतो. ज्येष्ठांना, गरोदर बायकांना, सामान घेतलेल्यांना तो हवाच. पण साधा जिना अरुंद करून किंवा काढून त्याच्या जागी सरकता बसवला, तर तो दुरुस्तीसाठी बंद पडल्यावर फलाटाची एक वाट पूर्ण बंद होते. म्हणून सरकता जिना साध्या जिन्याच्या जोडीला असावा, त्याच्या बदली नको. शिवाय वरच्या टोकाला चार-पाच मीटर तरी मोकळी जागा हवी. तिथे तपासनीसांचे टेबल किंवा खाण्याचा स्टॉल असला तर मागून येणारी माणसे थांबू शकत नाहीत, कारण पायऱ्या त्यांना ढकलतच राहतात.

छपराची गोष्ट किरकोळ वाटते, पण तिने माणसे मेली आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या (आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. पाऊस जोरात होता, पुलावर आलेली माणसे आडोशाला तिथेच थांबली आणि गाड्यांमागून गाड्या येऊन मागून भर पडत गेली. अरुंद जिना हे मूळ कारण, पण पाऊस पडताच बाहेरची वाट अडते हेही तेवढेच खरे. पुलाचे छप्पर जिथे संपते तिथे, रस्त्यावर, गर्दीला उभे राहता येईल असा आडोसा नसेल तर पावसाळ्यात पुलाची क्षमता कागदावरच राहते. फलाटाचेही तसेच. छप्पर अर्ध्याच लांबीवर असेल तर जून ते सप्टेंबर सगळे त्या अर्ध्यात गोळा होतात.

आता नवे स्थानक कुठे असावे, त्याविषयी. पहिली अट म्हणजे रूळ सरळ हवा. डबा सरळ आणि फलाट वाकडा असला की दोघांत फट पडतेच. ४०० मीटर त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मधला भाग सहा-सात सेंटिमीटर आत सरकतो आणि टोके साधारण तेवढीच बाहेर जातात. डबा फलाटाला घासू नये म्हणून फलाट मागे घ्यावा लागतो आणि मग काही दारांसमोर मोठी फट राहते. वळणावर बाहेरचा रूळ उंच असतो, त्यामुळे डबा कलतो आणि उंचीचाही फरक पडतो. मुंबईतले फलाट ९०० मिलिमीटरच्या वर उचलून जी पोकळी बुजवली, ती वळणावर पुन्हा उघडते. गार्डला शेवटपर्यंतचा फलाट दिसत नाही, ते वेगळेच. उताराचीही मर्यादा आहे. स्थानकाच्या आवारात ४०० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त उतार असू नये असे रेल्वेचेच मापदंड सांगतात. लोकांची मागणी आणि मोकळी जमीन एकाच ठिकाणी आहे एवढ्यावरून जागा ठरत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. विजेच्या तारांमुळे पूल रुळापासून सव्वासहा मीटरच्या वर न्यावा लागतो. गर्डरची जाडी धरून फलाटावरून साधारण ४० पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे रस्त्यावर त्याहून थोड्या जास्त उतरायच्या. जिथे रूळ भरावावर आहेत तिथे मात्र रस्त्याच्या पातळीवरून भुयारी वाट काढता येते आणि माणूस एकदाच चढतो. नवी मुंबईत अशा वाटा आहेत आणि त्या खूप सोयीच्या आहेत. त्याचे एक कारण असे की मानखुर्द–वाशी आणि पुढचे मार्ग आखताना खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि स्थानकाची जागा, रस्ते, बसथांबे, रिक्षाथांबे वस्ती होण्याआधी एकत्र आखले गेले. पनवेल–कर्जत या २९.६ किलोमीटरच्या नव्या मार्गावर चिखले, मोहोपे आणि चौक येथे तशी संधी आज आहे. स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांची आरक्षणे विकास आराखड्यात आत्ताच टाकली तर ती मिळतील. इमारती उभ्या राहिल्यावर मिळत नाहीत.

चिखलोलीची गरज निर्विवाद आहे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यात सात किलोमीटरांहून जास्त अंतर आहे आणि मधे औद्योगिक वसाहत व नवी वस्ती दाटली आहे. पण एक थांबा वाढला की वेग कमी करणे, उभे राहणे आणि पुन्हा वेग घेणे मिळून दीड ते दोन मिनिटे जातात. जाऊन येऊन चार मिनिटे. गाड्या चार मिनिटांनी सोडायच्या असतील तर त्याच वारंवारितेसाठी एक जादा गाडी लागते, आणि ती नसेल तर फेऱ्या कमी होतात. कल्याण ते कर्जत सध्या दोनच रूळ आहेत आणि त्यांवर लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्याच धावतात, त्यामुळे पुढची लोकल थांबली की मागची मेलही रखडते. म्हणून चिखलोली स्थानक कल्याण–बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबरच खुले व्हावे. आधी घाईने उघडले तर बदलापूर, वांगणी, नेरळच्या प्रवाशांना त्याची किंमत मोजावी लागेल.

उलट उदाहरणही समोर आहे. ऐरोली आणि ठाण्याच्या मधले दिघा गाव स्थानक बांधून तयार असूनही कित्येक महिने उद्घाटनाची वाट पाहत राहिले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी खुले झाले. ते ज्या ऐरोली–कळवा उन्नत मार्गाचा भाग आहे, तो मार्ग मात्र पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकलेला आहे. कल्याण, डोंबिवलीहून नवी मुंबईला जाणाऱ्यांनी ठाण्याला न उतरता थेट जावे, हा या प्रकल्पाचा हेतू. तो मार्ग होत नाही तोवर दिघ्याचा फायदा दिघ्यापुरता, आणि ठाण्याच्या पुलांवरची गर्दी होती तिथेच.

ठाणे–मुलुंडमधल्या स्थानकाचा हेतूही ठाण्याचा भार हलका करण्याचा आहे. जागेचा मार्ग उच्च न्यायालयात २०२३ मध्ये मोकळा झाला. ठाणे आणि मुलुंड यांच्यातच तीन किलोमीटरांच्या आत अंतर आहे, त्यामुळे नवे स्थानक दोघांपासून पायी जाण्याच्या टप्प्यात पडेल. अशा ठिकाणी प्रवासी आपसूक वळत नाही. त्याला जलद गाडी ठाण्यालाच मिळते आणि सगळ्या बसही तिथेच जातात. घोडबंदर आणि वागळे इस्टेटच्या बसमार्गांपैकी ठराविक मार्ग पहिल्या दिवसापासून नव्या स्थानकावर नेले, त्यांच्या वेळा लोकलशी जुळवल्या, तरच भार हलेल. हे काम परिवहन सेवेचे आहे आणि त्याची तयारी फलाट बांधण्याइतकीच आधी सुरू व्हायला हवी.

रेल्वेने आणि एमआरव्हीसीने (मुंबई रेल्वे विकास महामंडळाने) प्रत्येक स्थानकासाठी फलाटनिहाय माहिती जाहीर करावी: गर्दीच्या तासात एका गाडीतून किती प्रवासी उतरतात, जिन्यांची एकूण मोकळी रुंदी किती आणि त्यावरून फलाट रिकामा व्हायला किती मिनिटे लागतात. ज्या फलाटाला दोन गाड्यांमधल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागतो, तिथे आधी जिना बांधावा, रंगकाम नंतर. आणि चिखलोलीचा आराखडा अंबरनाथ व बदलापूरच्या तिकीट खिडक्यांशेजारी लावावा. जिने किती, ते फलाटावर कुठे उतरतात, पूर्वेला आणि पश्चिमेला पोहोचरस्ता कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे त्यावर मराठीत लिहिलेले असावे.

आपला,
एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)