निळ्या वाडग्यांची पारख केवळ शिक्क्यावरून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेठांमधले जुने वाडे पाडले जात असताना माळ्यावरून निघणारे निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे वाडगे कधी भंगाराच्या भावाने जातात, तर कधी ‘मिंग काळातले’ (चीनमधल्या जुन्या मिंग राजवटीतले) म्हणून अवाच्या सवा किमतीला. दोन्ही वेळा बुडावरच्या चिनी अक्षरांपलीकडे कोणी फारसे पाहत नाही, म्हणून हे पत्र.

ती अक्षरे बहुधा एखाद्या सम्राटाची कारकीर्द सांगतात. वाडगा त्याच काळात घडला, असा त्याचा अर्थ नव्हे. कांग्शी सम्राटाच्या काळात (१६६२-१७२२) जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध चिनी शहरातल्या भट्ट्यांतून निघालेल्या भांड्यांवरही पंधराव्या शतकातल्या छंगह्वा कारकिर्दीचा शिक्का सर्रास आढळतो. त्यात फसवणुकीपेक्षा जुन्या कारागिरीविषयीचा आदर अधिक होता. आजच्या नकलाकारांबद्दल तसे म्हणवत नाही.

त्यापेक्षा वाडगा पालथा घालून बुडाची कडा पाहावी. तेथे सहसा झिलई नसते, त्यामुळे उघड्या मातीचा पोत दिसतो आणि झिलई संपते तेथे अनेकदा तांबूस रेघ, क्वचित भट्टीतली चिकटलेली वाळूही सापडते. (अर्थात, ही रेघही रंगवून काढणारे महाभाग आहेतच.) कोबाल्टची नक्षी कच्च्या भांड्यावर कुंचल्याने काढून, वर झिलई देऊन ते सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत असल्याने निळा रंग नखाला लागत नाही आणि कुंचला थबकला असेल तेथे तो गडद उतरतो. याउलट पूल, दोन पक्षी आणि विलोचे झाड अशी नक्षी असेल, रंग सपाट असेल आणि कडेच्या वेलबुट्टीचा सांधा एखाद्या ठिकाणी चुकलेला असेल, तर ते भांडे बहुधा इंग्लंडमधले, छापाच्या नक्षीचे असते. तेही जपावे, पण चिनी म्हणून विकू नये.

शंभर वर्षांहून जुना वाडगा १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने पुरावस्तू ठरू शकतो आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी तो सामानात बांधून देणाऱ्या आई-वडिलांनी हे आधी तपासावे.

राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने महिन्यातून एक दिवस अशा वस्तू नागरिकांना विनामूल्य पारखून द्याव्यात, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे