बेडक्याची डबी वेळेत पोचावी म्हणून...

सर्व वाड्यांतले ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणी यांना सप्रेम नमस्कार.

टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट, औषधंही फुकट. मग वर्गणी कशाला, असं गेल्या ग्रामसभेत एकानं विचारलं. रास्त प्रश्न. पण डबी काही स्वतःच्या पायांनी तालुक्याला जात नाही.

गेल्या एप्रिलमध्ये वरच्या वाडीतल्या एका आजोबांचा बेडका आशाताईंनी सकाळीच घेतला. एसटी चुकली. डबी दुपारभर स्टँडवरच्या टपरीत, पिशवीत लटकत राहिली. झाकणातून पाझरली आणि प्रयोगशाळेनं ती घेतली नाही. आजोबा दुसऱ्यांदा राजी होईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर ते नातवंडांच्याच खोलीत निजत होते.

पूर्वी सगळी मदार सूक्ष्मदर्शकावर असायची. काचेवर बेडका पसरायचा, लाल रंग ओतून खालून आच द्यायची, वाफ दिसली की थांबायचं, मग आम्लानं धुऊन वरून निळा रंग. टीबीच्या जंतूला मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे त्याचा लाल रंग आम्लानंही सुटत नाही. निळ्यात लाल काड्या उठून दिसतात. रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये हा जंतू शोधला, त्याच सुमाराची ही पद्धत. आजही ती कामाची आहे, पण एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय काचेवर सहसा सापडत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवून बघावेत, तर जंतूंना पोसणाऱ्या घट्ट माध्यमावर सहा-आठ आठवडे लागतात.

आता ग्रामीण रुग्णालयात ट्रूनॅट यंत्र आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात बनणारं, बॅटरीवर चालणारं. ते थेट जंतूचा डीएनए पकडतं. तासाभरात टीबी आहे की नाही ते समजतं, आणि असल्यास आणखी तासाभरात रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही. यंत्राला दोन तास पुरतात. आपली डबी मात्र कधी दोन दिवसांनी पोचते, कधी चार.

म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी गावातली दोन मुलं मोटरसायकलनं सगळ्या वाड्यांतून डब्या गोळा करून नेतील, असं ठरलं आहे. पेट्रोल, मुलांचा मेहनताना आणि बर्फाच्या पाकिटांसह दोन शीतपेट्या मिळून वर्षाला सुमारे ४२,००० रुपये लागतील. १२,००० पंचायत स्वनिधीतून देते आहे. उरलेले ३०,००० आपल्याकडून हवेत. शंभर रुपयेही चालतील. पावती कार्यालयातून जरूर घ्या. आषाढ-श्रावणात घाटातून मोटरसायकल नेणं धोक्याचं, तेव्हा रिक्षा-टेम्पोवाल्यांनी एकेक फेरी वाटून घेतली तर फार बरं.

डबीवर नाव असतं, म्हणून पेटीला कुलूप राहील. कुणाची डबी गेली याची चर्चा टपरीवर नको, ही हात जोडून विनंती.

आणि दोन आठवडे खोकला असलेल्यांसाठी : सकाळी चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत घ्या. नुसती थुंकी भरून दिलीत, तर मुलांची घाटातली फेरी फुकट जाईल.

आपले,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्राम आरोग्य समिती