गुळव्याचा अंदाज वहीत उतरवता येतो

संपादक महोदय,

गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की 'चांगला गुळव्या (रस आटवून गूळ बनवणारा कारागीर) मिळत नाही' ही तक्रार ऐकू येते. पाठोपाठ 'ही हातातली कला, ती शिकवून येत नाही' हेही येते. पहिले खरे आहे. दुसरे निम्मेच खरे आहे, पण कोणी कागद-पेन घेऊन चुलवाणापाशी, म्हणजे रस आटवायच्या भट्टीपाशी, बसत नाही, म्हणून हे पत्र.

"काहील (रस आटवायची मोठी कढई) कधी उतरवायची हे कसं कळतं?" असे गुळव्याला विचारले तर "बघून कळतं" एवढेच उत्तर मिळते. तो काही लपवत नसतो, प्रश्नच मोघम असतो. त्याऐवजी "आत्ता जाळ कमी करायला का सांगितलंत?" किंवा "आणखी दोन मिनिटं ठेवली असती तर काय झालं असतं?" असे त्या-त्या क्षणी विचारावे. मग तो भरभरून बोलतो. बुडबुडे मोठे आणि जड झाले, फुटायला वेळ लावू लागले. फावड्यावरून पाकाची धार तुटेना. थंड पाण्यात टाकलेला पाक विरघळला नाही, त्याची गोळी झाली आणि ती भांड्यावर आपटल्यावर टणटणली. या सगळ्या खुणा तापमानाने मोजता येतात. काकवी (पातळ गूळ) साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला होते, रव्याचा म्हणजे ढेपेचा गूळ ११८ ते १२० अंशांच्या दरम्यान.

मात्र हा आकडा नुसता पाठ करून भागत नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असलेल्या कोल्हापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि बाजारातला तापमापक स्वतःच एक-दोन अंश इकडेतिकडे दाखवतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला साधे पाणी उकळून वाचन लिहून ठेवावे आणि त्याच्या वर किती अंशांना आपला गूळ जमतो, ते पाहावे. तापमापकाचे टोक रसात बुडलेले हवे, पण काहिलीच्या तळाला टेकलेले नको. शेवटचे अंश फार भराभर चढतात. शिवाय जाळ तोडला तरी चुलवाणाच्या विटांत धग राहते. त्यामुळे ११० नंतर चिपाडे घालण्याचा हात आवरावा लागतो, नाहीतर तळ लागून गूळ काळपट आणि कडवट होतो.

गुळव्याचा खरा कस मात्र त्याआधीच लागतो, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही. ऊस तोडून किती तास झाले? चोवीस तासांच्या पुढे गेला की साखरेचे विघटन वाढते आणि गूळ मऊ पडतो. ऊस लोळलेला आहे का? रान खारवट आहे का? नत्र उशिरा दिले का? अशा रसाला अनुभवी गुळव्या काहील एक-दोन अंश जास्त चढवतो आणि त्याला 'अंदाज' म्हणतो. रसाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) साधारण ५.२ ते ५.४ असतो. चुन्याच्या निवळीने तो सहाच्या थोडा वर आणायचा. चुना जास्त झाला की मळी (रसातला गाळ) छान सुटते, पण गुळाचा रंग जातो. हे तपासायला सामूची कागदी पट्टी पुरते. रस ८५ अंशांच्या आसपास आला की मळीचा जाड थर वर येतो. खळखळून उकळी फुटण्याआधीच तो काढायचा. एकदा उकळी बसली की मळी फुटून रसात मिसळते आणि मग रस निवळायला वापरतात ते भेंडीचे पाणी कितीही ओता, पहिल्यासारखी निवळ येत नाही. रंगासाठी हायड्रो पावडर (रंग उजळवणारे रसायन) टाकण्याचा मोह बहुतेक वेळा इथेच होतो. ती पावडर चुकलेली मळी झाकते, इतकेच.

हाताला सवयच लागते असेही काही आहे. वाफ्यात (पाक ओतून थंड करायच्या हौद्यात) फावडे किती वेळ फिरवायचे, रवा भरताना पाक किती सैल ठेवायचा, हे वाचून जमणार नाही. पण तेवढ्यासाठी सगळीच विद्या गूढ ठरवायचे कारण नाही.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले, आता कृतीही लिहून ठेवावी. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, कृषी महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांनी हंगामभर गुऱ्हाळावर एक वही ठेवावी: उसाची जात, नवी लागण की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला), तोडीपासून गाळपापर्यंतचे तास, सामू, मळी कितीदा काढली, काहील उतरवतानाचे तापमान, आणि त्या क्षणी गुळव्या काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. एक रकाना मात्र पावसाळ्यापर्यंत मोकळा ठेवावा, रव्याला पाणी सुटले का, हे लिहायला. तोवर गुळवे आपापल्या गावी गेलेले असतात आणि आपला गूळ पुढे कसा निघाला हे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. ती नोंद पुढच्या हंगामाच्या पहिल्या काहिलीआधी त्यांना वाचून दाखवावी.

आपले,
गुऱ्हाळ व्यवसायातील काही वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर