विमानाचं इंजिन का बंद पडलं, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर परदेशातल्या एका छोट्या प्रायव्हेट विमानाची चार ओळींची बातमी होती, उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनची पॉवर गेली आणि विमान पडलं, बस्स. पॉवर का गेली यावर एक शब्द नाही. मी हर्णै बंदरात पंचवीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय, त्यामुळे डोकं तिथेच अडकलं.

इंजिन उगाच बंद पडत नाही हो. आमच्याकडे जून-जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, टाक्या अर्ध्या रिकाम्या, मग पावसाळ्याची दमट हवा आत शिरते आणि तिचं पाणी होऊन डिझेलच्या खाली बसतं. एका ऑगस्टमध्ये मी अशाच एका बोटीवर ट्रायलला गेलो होतो, सुवर्णदुर्गाच्या पुढे गेल्यावर इंजिन खोकायला लागलं, आरपीएम उतरले, तांडेल (बोट चालवणारा) म्हणाला "दम खातंय रे", आणि दोन मिनिटांत सगळं गप्प. फिल्टरची काचेची वाटी बघितली तर खाली बोटभर पाणी, वर डिझेल, मधे सरळ रेघ. नांगर टाकला, पाणी काढलं, लाइनमधली हवा काढली, अर्ध्या तासात परत चालू.

विमानाला नांगर टाकता येत नाही. बाकी दुखणं तेच. म्हणून तर छोट्या विमानाचा पायलट उडायच्या आधी टाकीखालून थोडं पेट्रोल छोट्या पारदर्शक कपात काढून उजेडात धरतो, ते पेट्रोल निळसर असतं, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. स्पार्कसाठी मॅग्नेटो दोन असतात, पण पेट्रोलच पोचलं नाही तर दोन मॅग्नेटो काय करणार. कधी टाकी खरंच संपलेली असते, कधी टाकी निवडायचा कॉक रिकाम्या टाकीवर राहिलेला असतो, ही माणसाची चूक, ती चूक म्हणूनच लिहावी.

पण एक कारण असं आहे की वाचून मलाही धक्का बसला होता. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे जिथे पेट्रोल हवेत मिसळतं तिथे, बर्फ! बाहेर २५ डिग्री असलं तरी पेट्रोलची वाफ होताना आतली हवा तीसेक डिग्रीनेही गार पडू शकते, हवा आपल्या किनाऱ्यासारखी दमट असली की तो ओलावा आत गोठतो आणि इंजिनचा श्वास कोंडतो. त्यासाठी गरम हवा आत सोडायची सोय असते, ती वेळेत वापरावी लागते. आणि विमान पडल्यावर तो बर्फ वितळून जातो. तपासणारा येईपर्यंत पुरावाच नाही, इंजिन बघावं तर ठणठणीत. मग लोक पायलटला नावं ठेवून मोकळे.

"मागे का नाही वळवलं" असं लोक सर्रास म्हणतात. सेस्ना १७२ सारखं छोटं विमान तीन हजार फुटांवर असेल तर इंजिन बंद पडूनही साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं, चारेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात शेत नाहीतर पुळण शोधता येते. पण तीनशे फुटांवर असेल तर अर्धा मिनिटसुद्धा नाही, आणि तेव्हा वळवायला गेलं की वेग पडतो आणि विमान कोसळू शकतं. म्हणून समोर जे असेल तिथेच उतरव असं शिकवतात. त्या अर्ध्या मिनिटात आत बसलेल्या माणसाचं काय होत असेल, हे इंजिन बंद पडलेल्या बोटीत बसलेल्याला थोडंफार तरी कळतं.

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान शेतात पडलं, पायलट मुलगी वाचली, देवाची कृपा. तेव्हा फोटो सगळ्यांनी छापले. पण चौकशीत पुढे काय निघालं ते माझ्या तरी वाचनात कुठे आलं नाही. आपल्याकडे २०१२ पासून अशा अपघातांच्या तपासासाठी एएआयबी ही सरकारी संस्था आहे, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पहिला रिपोर्ट ३० दिवसांत आणि शेवटचा जमेल तर वर्षाच्या आत यायला हवा, आणि शेवटचा रिपोर्ट लोकांसाठी खुला असतो. माझं एवढंच मागणं आहे की अपघाताची बातमी छापली की ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा आणि रिपोर्ट आला की त्याच पानावर कारण छापा, दहा ओळी पुरेत. कारण सापडलं नाही असं लिहिलं असेल तर तेही छापा. सिंधुदुर्गात चिपीला २०२१ पासून विमानतळ आहे, आमच्याकडची पोरंपण आता पायलट व्हायचं म्हणतात, त्यांच्या आईवडलांना हे वाचायला मिळू दे.

आपला,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली